समुद्रावरच्या खालच्या ढगांचं पाणी मोजायला मोडिसचा डेटा कसा आहे? वापरून लिहिलेला रिव्ह्यू

नासाच्या टेरा आणि अ‍ॅक्वा या दोन उपग्रहांवर मोडिस नावाचं यंत्र आहे. त्यातून ढगांचा जो डेटा निघतो त्याला टेरासाठी एमओडी०६ आणि अ‍ॅक्वासाठी एमवायडी०६ म्हणतात, पूर्ण फुकट, जगात कुणीही घ्या. ढगात पाणी किती, थेंब केवढे, ढग किती दाट, वरचं टोक किती थंड, सगळं एकाच फाइलमध्ये. मी तो एकाच कामासाठी वापरतो, समुद्रावर सपाट पसरणारे खालचे ढग, म्हणजे स्ट्रॅटोक्युम्युलस, त्यामुळे हा रिव्ह्यूही तेवढ्यापुरताच धरा, वादळी ढगांसाठी किंवा बर्फाच्या ढगांसाठी वेगळं बोलावं लागेल.

घाईत असाल तर निकाल असा : ढगाच्या दाटपणाचा आकडा बिनधास्त घ्या, थेंबांच्या आकाराचा घ्या पण "कुठे मोठे, कुठे लहान" हे बघायला घ्या, पाण्याचा आकडा मायक्रोवेव्हवाल्या उपग्रहाशी ताडून बघा, आणि ढग तुटक असतील तिथे एकाही आकड्यावर हवाला ठेवू नका. माझ्याकडून पाचपैकी चार स्टार.

आता हेच ढग का, तर सबंध पृथ्वीचा वर्षभराचा हिशोब काढला तर साधारण पाचवा भाग या ढगांनी झाकलेला असतो आणि समुद्रावर तर २३ टक्क्यांच्या आसपास. जाडी किती, दोनशे ते पाचशे मीटर, म्हणजे ढगांच्या जगात अगदीच पातळ. पण वरून पांढरेशुभ्र आणि खाली गडद समुद्र, त्यामुळे ऊन परत पाठवण्यात यांचा वाटा फार मोठा. उंची कमी असल्यामुळे टोक फारसं थंड नसतं, म्हणून पृथ्वीची उष्णता ते फारशी अडवून धरत नाहीत, एकूण हिशोबात थंडच करतात. हवामान बदलाच्या मॉडेल्समध्ये "पुढे किती तापेल" या प्रश्नाची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत त्याचं एक मोठं कारण हेच ढग आहेत. आणि त्यातलं पाणी बघा, एका घनमीटरमध्ये जेमतेम अर्धा ग्रॅम, कधी त्याहूनही कमी. खालपासून वरपर्यंत सगळं पाणी एकत्र केलं तर चौरस मीटरमागे ४० ते १५० ग्रॅम. १०० ग्रॅम म्हणजे जमिनीवर पसरलं तर ०.१ मिलिमीटरचा थर! एवढ्याशा पाण्यावर केवढी गणितं अवलंबून आहेत, मला तर हे दरवेळी थक्क करतं.

या ढगांसाठी जगातली सगळ्यात भारी जागा म्हणजे पेरू आणि उत्तर चिलीचा किनारा. खाली हम्बोल्ट प्रवाहाचं थंड पाणी, वरून खाली बसणारी कोरडी गरम हवा, एका बाजूला अँडीज, त्यामुळे दमट हवा खालच्या एक-दीड किलोमीटरमध्ये कोंडून राहते आणि ढग तिथेच पसरतो. हाच ढग किनाऱ्यावरच्या डोंगरांना येऊन टेकला की चिलीतले लोक त्याला कामांचाका म्हणतात. आटाकामासारख्या कोरड्या मुलखात हे पाणी लोकांनी जाळ्या लावून पकडलंय, एल तोफोच्या डोंगरावरच्या जाळ्यांमधून चुंगुंगो या कोळ्यांच्या गावाला १९९० च्या दशकात बरीच वर्षं पाणी मिळालं, चौरस मीटर जाळीमागे दिवसाला सरासरी ३ लिटरच्या आसपास. म्हणजे थेंब केवढे आणि पाणी किती हा प्रश्न तिथे नुसता अभ्यासाचा नाही.

मोडिस हे मोजतो कसं ते थोडक्यात सांगतो कारण त्याशिवाय डेटाच्या चांगल्यावाईट गोष्टी कळणारच नाहीत. तो ढगाला हात लावत नाही, परत आलेलं ऊन बघतो फक्त. एक तरंगलांबी अशी निवडायची की जिथे पाणी ऊन शोषत नाही, समुद्रावर ०.८६ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) घेतात, तिथे ढग जितका उजळ तितका दाट. दुसरी अशी की जिथे पाणी थोडं शोषतं, १.६, २.१ किंवा ३.७ मायक्रॉन, तिथे थेंब मोठे असले की जास्त शोषलं जातं आणि ढग काळपट दिसतो. दोन उजेड, दोन उत्तरं, दाटपणा आणि थेंबांची त्रिज्या. ही पद्धत नाकाजिमा आणि किंग यांच्या १९९० च्या पेपरपासून रुळली आणि आजही पाया तोच आहे. इथे त्रिज्या म्हणजे नुसती सरासरी नाही बरं का, उजेडाच्या दृष्टीने मोठ्या थेंबांना जास्त वजन देऊन काढलेली, तिला इफेक्टिव्ह रेडियस म्हणतात, या ढगांमध्ये ती साधारण ८ ते १५ मायक्रॉन असते.

म्हणजे पाणी मोडिस थेट मोजतच नाही! दाटपणा आणि त्रिज्या यांचा गुणाकार करून त्याला दोन तृतीयांशने गुणलं की पाणी, चौरस मीटरमागे ग्रॅममध्ये. दाटपणा १० आणि त्रिज्या १० मायक्रॉन असेल तर ६७ ग्रॅम. पण या सूत्रात थेंब तळापासून टोकापर्यंत एकाच आकाराचे धरलेत आणि खऱ्या ढगात तसं नसतं, हवा वर चढताना थेंब वाढत जातात आणि मोडिस तर टोकाजवळचेच थेंब बघतो. ते लक्षात घेतलं की दोन तृतीयांशऐवजी पाच नवमांश येतं आणि तेच ६७ चे ५६ होतात. फाइलमधला पाण्याचा आकडा पहिल्या सूत्राचा असतो हे माहीत नसेल तर तुम्ही सरळ सरळ जास्त पाणी मोजत बसाल. फाइलमधल्या आकड्याला सहाने भागून पाचने गुणलं की झालं, या ढगांसाठी मी कायम हेच करतो.

नुसतं बघायचं असेल, कोडिंग वगैरे येत नसेल, तर नासाची वर्ल्डव्ह्यू साइट उघडा. लॉगिन लागत नाही. ढगाचा खरा रंग, त्याच्यावर इफेक्टिव्ह रेडियसचा लेअर, मग वॉटर पाथचा म्हणजे ढगातल्या एकूण पाण्याचा, मग ऑप्टिकल थिकनेसचा म्हणजे दाटपणाचा, एकावर एक टाकत जायचं, खाली टाइमलाइन आहे ती सरकवत २००० सालापर्यंत मागे जाता येतं. नकाशावर कर्सर फिरवला की रंगपट्टीवर किंमत दिसते. दोन तारखा शेजारी ठेवून मधली पट्टी सरकवत तुलना करायची सोय तर मला सगळ्यात आवडते. उपग्रह वरून गेल्यावर तीनेक तासांत बरीचशी चित्रं आलेली असतात. शाळेतल्या मुलांना दाखवायला यापेक्षा चांगलं काही नाही, उत्तर चिलीतल्या अरिका शहराच्या पश्चिमेला नकाशा नेऊन ठेवा, किनाऱ्यालगत त्रिज्या लहान आणि समुद्रात आत आत जाल तशी मोठी होत जाते हे मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं, आणि मग "का?" हा प्रश्न आपोआप येतो.

त्याचं उत्तर : किनाऱ्यावर धूळ, शहरं, आणि चिलीतल्या तांब्याच्या भट्ट्यांमधून निघणारा सल्फर डायऑक्साइड. त्यापासून हवेत बारीक कण तयार होतात, प्रत्येक कणाभोवती थेंब धरू शकतो, म्हणजे तेवढंच पाणी जास्त थेंबांत वाटलं जातं आणि थेंब लहान राहतात. किनाऱ्यालगत घनसेंटीमीटरमागे दोनशे-तीनशे थेंब आणि लांब आत स्वच्छ हवेत शंभराच्याही खाली. खडीसाखर आणि पिठीसाखर वजनाला सारखी घेतली तरी पिठीसाखर जास्त पांढरी दिसते, तसंच इथे, लहान थेंबांचा ढग जास्त उजळ. याला ट्वोमी इफेक्ट म्हणतात. उलट थेंब १४ मायक्रॉनच्या वर गेले की एकमेकांना धरून रिमझिम सुरू होते आणि कधी कधी सलग ढगात अचानक भोकंभोकं पडलेला पट्टा तयार होतो, त्या भोकांत कणांची संख्या फार म्हणजे फारच कमी असते. वर्ल्डव्ह्यूवर हे पट्टे शोधायला मजा येते.

आता खरं किती, खोटं किती. पेरू-चिलीच्या याच भागात २००८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये व्होकल्स नावाची मोठी मोहीम झाली, विमानं ढगातून उडवली, जहाज खाली उभं केलं, थेंब प्रत्यक्ष मोजले. मग पेनेमाल आणि झुइडेमा यांनी २०११ मध्ये ते मोडिसशी ताडून बघितलं. दाटपणा छान जुळला. त्रिज्या मात्र मोडिसची सरासरी १५ ते २० टक्के जास्त निघाली. हे माझ्या मते या डेटाबद्दलचं सगळ्यात महत्त्वाचं एक वाक्य आहे आणि वापरणाऱ्या प्रत्येकाने ते लिहून ठेवावं. चांगली बाजू अशी की हा फरक बऱ्यापैकी एकाच दिशेने जातो, म्हणजे कुठल्या ढगात थेंब मोठे आणि कुठल्यात लहान हा क्रम बिघडत नाही. म्हणून वर म्हटलं, तुलनेसाठी घ्या.

आणि ही गोष्ट सलग, भरगच्च ढगांची आहे. तुटक ढग आले की गोष्ट बदलते. मोडिसचा पिक्सेल उपग्रहाच्या बरोबर खाली एक किलोमीटरचा असतो, आणि चित्राच्या कडेला जाईपर्यंत आडवा जवळपास पाच किलोमीटर होतो. एका पिक्सेलमध्ये अर्धा ढग अर्धा समुद्र आला, किंवा एका ढगाची सावली दुसऱ्यावर पडली, की यंत्राला वाटतं थेंब मोठे आहेत. हे ओळखायची एक युक्ती आहे ती मी नेहमी वापरतो. ३.७ मायक्रॉनचा उजेड ढगाच्या अगदी टोकाचं सांगतो आणि २.१ चा थोडं आतलं. टोकाला थेंब मोठे असतात, म्हणजे ३.७ ची त्रिज्या थोडी जास्त यायला हवी. जिथे उलटं दिसेल, २.१ ची बरीच मोठी, तिथे बहुतेक वेळा ढग एकसारखा नाहीये असं समजायचं आणि तो भाग बाजूला ठेवायचा. बनवणाऱ्या लोकांनी तिन्ही तरंगलांबींचे आकडे वेगवेगळे दिलेत, आणि अर्धवट ढगाच्या पिक्सेलचे आकडे तर वेगळ्या खान्यातच ठेवलेत, नाहीतर सगळं एकत्र करून एक गोड सरासरी देऊन मोकळे झाले असते. याच प्रामाणिकपणासाठी मला हा डेटा आवडतो.

आणखी दोन ठिकाणी सांभाळा. सूर्य खूप कललेला असेल, डोक्यावरून ६५ अंशांच्या पलीकडे, तेव्हा दाटपणाही बिघडतो, त्यामुळे हिवाळ्यातल्या वरच्या अक्षांशांचे नकाशे जपून वापरा. आणि नामिबिया-अंगोलाच्या समोर ऑगस्ट ते ऑक्टोबर आफ्रिकेतल्या आगींचा धूर ढगाच्या वर येऊन बसतो, तो धूर ०.८६ चा उजेड शोषतो आणि मोडिसला ढग खरा आहे त्याहून पातळ वाटतो, पाणीही मग कमी दिसतं. त्या धुराचा अभ्यास करायला नासाने २०१६ ते २०१८ ओरॅकल्स ही मोहीम केली होती.

थेंबांची संख्या हा सगळ्यात नाजूक विषय. फाइलमध्ये ती नसते, दाटपणाचं वर्गमूळ आणि त्रिज्येचा उणे अडीचवा घात घेऊन आपल्याला काढावी लागते. दाटपणा १०, त्रिज्या १० मायक्रॉन असेल तर घनसेंटीमीटरमागे १४० च्या आसपास येते. त्रिज्या १० ऐवजी १२ धरा, संख्या एकदम ८७! म्हणजे त्रिज्येतली छोटी चूक संख्येत फुगून येते. २०१८ मध्ये ग्रॉसव्हेनर आणि सहकाऱ्यांनी यावर मोठा आढावा घेतला, त्यात एका पिक्सेलमागे अनिश्चितता ७८ टक्के धरलीये. व्होकल्सच्या वेळी चिलीसमोर केलेल्या तुलनेत मात्र संख्या विमानाशी बरी जुळली होती, पण ती काही चुका एकमेकींना खोडतात म्हणून, त्यामुळे तेवढ्यावरून दुसऱ्या समुद्रात विश्वास टाकू नका. एका अंशाच्या चौकोनावर सरासरी घ्या, सलग ढगच निवडा, एका दिवसाऐवजी सगळा सीझन घ्या, मग त्यातून अर्थ निघतो.

पाण्यासाठी दुसरा पर्याय मायक्रोवेव्ह. जपानच्या जीकॉम-डब्ल्यू उपग्रहावरचं एएमएसआर२ यंत्र २०१२ पासून चालू आहे, ते समुद्रावरच्या ढगातलं पाणी सरळ मोजतं, ऊन लागत नाही, त्यामुळे रात्रीही चालतं. आणि रात्र इथे फार महत्त्वाची, कारण हे ढग पहाटेपर्यंत जाड होत जातात आणि उन्हं चढली की पातळ होतात, नुसता दिवसाचा आकडा म्हणजे अर्धीच गोष्ट. त्याचा तोटा असा की एक ठिपका अनेक किलोमीटरचा असतो, बारीक नक्षी दिसत नाही, आणि रिमझिम सुरू झाली की ढगाचं पाणी किती आणि पावसाचं किती हे वेगळं करताना अंदाज लावावा लागतो. मी दोन्ही शेजारी ठेवतो. सलग ढगात दोघांचे आकडे जवळ आले तर निर्धास्त.

हा डेटा खरंच कामाचा आहे का याची मला पटलेली परीक्षा आइसलँडची. होलुह्रौनचा ज्वालामुखी ३१ ऑगस्ट २०१४ ला सुरू झाला आणि २०१५ च्या फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत चालला, राख कमी पण सल्फर डायऑक्साइड प्रचंड. उत्तर अटलांटिकवर ऑक्टोबर २०१४ मध्ये मोडिसला थेंब नेहमीपेक्षा लहान झालेले स्पष्ट दिसले. पण ढगातलं पाणी? त्यात म्हणावा असा बदल नाही. २०१७ मध्ये मालाव्हेल आणि सहकाऱ्यांनी हे छापलं, आणि कणांमुळे ढगातलं पाणी खूप वाढतं असं दाखवणाऱ्या मॉडेल्सना त्यामुळे पुन्हा विचार करावा लागला. बघा, त्रिज्या १५ टक्के इकडेतिकडे असली तरी प्रश्न नीट विचारला तर उत्तर मिळतं. तसंच जहाजांचं, १ जानेवारी २०२० पासून जहाजाच्या इंधनातलं गंधक ३.५ वरून ०.५ टक्क्यावर आणायचा नियम आला आणि जहाजांच्या धुराने ढगात उमटणाऱ्या उजळ रेघा कमी झाल्या, तेही मोडिसच्या याच चित्रांमधून मोजलं गेलं.

आपल्याकडच्या लोकांचा पहिला प्रश्न असणार, अरबी समुद्रावर चालेल का. हिवाळ्यात चालतं, तेव्हा वर आभाळ मोकळं असतं, पण तिथे ढग छोटे छोटे तुटक असतात म्हणजे वरची सगळी पथ्यं पाळावी लागतील. १९९९ च्या इंडोएक्स मोहिमेत विमानांनी हिंदी महासागरावर उपखंडाच्या धुरकट हवेतले ढग आणि दक्षिणेकडच्या स्वच्छ हवेतले ढग दोन्ही मोजले होते, धुरकट ढगांत थेंब जास्त आणि लहान, तो फरक बघायला ही चांगली जागा आहे. पावसाळ्यात मात्र सोडून द्या, वर बर्फाचे ढग असतात आणि मोडिस वरचाच थर बघतो, खालच्या ढगाचं काही कळत नाही. पावसाळ्यातल्या खालच्या ढगांसाठी महाबळेश्वरला पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेची ढगांची प्रयोगशाळा आहे, तिथे ढग स्वतःच यंत्रांपर्यंत चालत येतो, थेंब थेट मोजता येतात, त्याची बरोबरी उपग्रह करू शकत नाही.

डाउनलोडचं सांगायचं तर नासाच्या अर्थडेटा साइटचं फुकट खातं काढावं लागतं. फाइल पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत येते आणि फॉरमॅट जुना एचडीएफ४ आहे, पायथॉनमध्ये त्याची लायब्ररी बसवायला नवीन मुलांना वेळ जातो, आणि आकडे पूर्णांकात साठवलेले असतात, स्केल फॅक्टरने गुणायला विसरलात तर त्रिज्या हजारात दिसेल. ज्यांना नुसते महिन्याचे नकाशे हवेत त्यांनी या भानगडीत न पडता एमओडी०८ घ्यावा, एका अंशाच्या चौकोनावर तयार सरासरी मिळते, एमएस्सीच्या प्रोजेक्टला तेवढं पुरतं.

एक स्टार कापला तो म्हाताऱ्या उपग्रहांसाठी. टेरा १९९९ चा, अ‍ॅक्वा २००२ चा, दोघांचंही इंधन जपून वापरायची वेळ आलीये आणि त्यामुळे त्यांची वेळ सरकतेय. टेरा आधी साडेदहाला विषुववृत्त ओलांडायचा तो आता त्याच्या आधी, अ‍ॅक्वा दीडला ओलांडायचा तो आता उशिरा. ज्या ढगाचं पाणी सकाळपासून दुपारपर्यंत घटत जातं त्याच्यासाठी हा फरक छोटा नाही, त्यामुळे गेल्या काही वर्षांचा ट्रेंड काढताना आधी घड्याळाचा परिणाम वजा करा, मगच ढग बदलले की नाही ते बोला. आता नवीन काम सुरू करणाऱ्याने व्हीआयआयआरएस या मोडिसनंतरच्या नव्या यंत्राचा सीएलडीप्रॉप नावाचा ढगांचा डेटा सोबत घ्यावा, पिक्सेल ७५० मीटरचा, फॉरमॅट नेटसीडीएफ, आणि पट्टा इतका रुंद की विषुववृत्तावरही मधे फट राहत नाही. फक्त त्याची तरंगलांबी २.१ ऐवजी २.२५ मायक्रॉन आहे, म्हणून दोघांचे आकडे सरळ एकापुढे एक जोडू नका. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये उडालेल्या नासाच्या पेस उपग्रहावर उजेडाचं ध्रुवीकरण मोजणारी दोन यंत्रं आहेत, त्यातल्या हार्प२ च्या डेटातून ढगावर दिसणाऱ्या इंद्रधनुष्यासारख्या कड्यांच्या कोनावरून त्रिज्या काढता येते, तुटक ढगांचा त्रास तिथे बराच कमी होतो. चिलीच्या किनाऱ्यावर मोडिसची त्रिज्या जास्त येते ती कुठे आणि किती, हे आता विमान न उडवता पुन्हा पुन्हा तपासता येईल. ज्याला प्रोजेक्टसाठी विषय पाहिजे त्याने हाच उचलावा, दोन्ही डेटा फुकट आहेत.